टेबल सॉवर पॉलिश पेपर

लेखमाला: घरातला कारखाना – भाग 11

गेल्या आठवड्यात टेबल सॉचं पातं आणि मायटर गेजची खाच एकमेकांना समांतर कशी करायची ते पाहिलं. त्यावर बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) नोकरी करणाऱ्या एका मराठी वाचकानं विचारलं आहे, ‘डिस्क सँडर घ्यायला जागा नाही. पातं काढून त्याच शाफ्टवर पॉलिश पेपर चिकटवलेली लोखंडी तबकडी बसवली तर चालेल का?’

चालेल. परदेशात अशा दहा इंची तबकड्या तयार मिळतात आणि हौशी सुतार त्या बरीच वर्षं वापरत आले आहेत. पण काय चालेल आणि काय नाही, हे कळायला आधी एक हिशेब करावा लागतो.

दहा इंची तबकडीचा घेर साधारण 80 सेंटिमीटर. दुकानात मिळणारे छोटे, हलवता येणारे टेबल सॉ बिनओझ्याचे मिनिटाला 4800 फेऱ्यांच्या आसपास फिरतात. म्हणजे तबकडीची कड सेकंदाला 64 मीटर, ताशी सुमारे 230 किलोमीटर वेगानं पळते. खास घासण्यासाठी बनवलेली बारा इंची डिस्क सँडर आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर, 1440 फेऱ्यांच्या मोटरीला थेट जोडलेली असली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला 23 मीटर भरतो. आपण जवळजवळ तिप्पट वेगानं लाकूड घासणार! मग सागाचा तुकडा दोन सेकंद एका जागी धरला तरी काळा पडतो, पेपरात राळ आणि तेल भरून तो गुळगुळीत होतो आणि गुळगुळीत पेपर आणखी जाळतो.

याच घर्षणाच्या उष्णतेवर वाघोडियापासून फार दूर नसलेल्या एका गावाचं पोट चालतं. दक्षिणेला डभोई, तिथून पूर्वेला संखेडा. तिथले खराडी सागाचे पाय आणि दांडे खरादावर कातून त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. फिरत्या लाकडाच्या घर्षणानं लाख वितळते आणि लाकडावर पसरते. नंतर केवड्याच्या पानानं आणि अकीकाच्या दगडानं घोटून तिला चकाकी आणतात. सावंतवाडीचे चितारीही लाखकामात केवड्याचं पान वापरतात. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून संखेड्याचा झोपाळा अजून दिसतो, त्याची चकाकी ही अशी उष्णतेतून आलेली असते. तिथे लाकूड फिरतं आणि घासणारी वस्तू हातात असते, आपल्याकडे उलट. त्यांना उष्णता हवी असते, आपल्याला नको.

तेव्हा पहिला उपाय वेग कमी करण्याचा. थेट मोटरीच्या छोट्या सॉवर वेग बदलण्याची सोय नसेल तर फार काही करता येत नाही. 60 किंवा 80 नंबरचा जाड पेपर लावायचा आणि हात हलका ठेवायचा, एवढंच. पण स्थानिक वर्कशॉपमध्ये अँगलच्या घोडीवर बनवलेला, पट्ट्यावर चालणारा कटर असेल तर काम सोपं आहे. 1440 फेऱ्यांच्या मोटरीवर चार इंची पुली आणि शाफ्टवर दोन इंची असेल, तर शाफ्ट 2880 फेरे घेतो. दोन्ही पुल्या सारख्या केल्या की 1440 वर येतो आणि कडेचा वेग सेकंदाला 19 मीटर होतो. घासायला हा उत्तम. या बाबतीत ओबडधोबड देशी कटर महागड्या आयात मशीनपेक्षा सरस ठरतो, हे मला मनापासून आवडतं.

तबकडी मात्र ओबडधोबड चालणार नाही. एमडीएफची गोल चकती घरी कापून मधे अंदाजानं भोक पाडणं हा वेडेपणा आहे. भोक जरा सरकलं तरी या वेगाला ती थरथरते, आणि फुटली तर तुकडे कुठे जातील सांगता येत नाही. दात घासून टाकलेलं जुनं पातंही काही जण वापरतात, पण ते पातळ असतं आणि बाजूनं दाब आला की लवतं. लेथवर काम करणाऱ्याकडून चार-पाच मिलिमीटर जाडीची प्लेट दोन्ही बाजूंनी फेस करून घ्या आणि भोक आपल्या शाफ्टच्या मापाचं नेमकं पाडून घ्या. औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्याला ही अडचण पडू नये. फक्त शाफ्टवर नट पूर्ण बसतो ना, तेवढं पाहा. पेपर मागे गोंद असलेला घ्या आणि तो प्लेटच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका.

आता फायद्याची बाजू. दहा इंची तबकडी पूर्ण वर काढली तरी टेबलावर साधारण आठ सेंटिमीटरच येते. शाफ्ट आणि नट टेबलाखालीच राहतात. त्यामुळे वर दोन्ही बाजू मोकळ्या मिळतात, एका बाजूला 80 नंबर आणि दुसऱ्या बाजूला 120 लावता येतो. पातं तिरकं करायची सोय आहेच, ती तबकडीलाही लागू पडते. मायटर गेज 45 अंशांवर लावलं की फोटोफ्रेमचा कोपरा केसभर घासून बिनफटीचा जुळवता येतो. लाकडाच्या शेवटाकडचे आडवे कापलेले रेषे रंध्यानं साफ करणं नवशिक्याला जड जातं, तिथे तर हिच्यासारखी सोय नाही.

काम नेहमी आपल्याकडच्या अर्ध्यावर करायचं. तिथे तबकडी खाली जाते आणि तुकडा टेबलावर दाबून ठेवते. पलीकडच्या अर्ध्यात ती वर येते आणि तुकडा उचलून फेकते. म्हणजे वापरायला मिळतात जेमतेम 11-12 सेंटिमीटर. तेवढ्यात तुकडा गेजला टेकवून पुढेमागे हलवत राहायचा. पेपर भरला तर जुन्या चपलेचा क्रेप रबराचा तळवा फिरत्या तबकडीवर दाबा, राळेसकट भुसा निघून येतो.

फळीचा सपाट पृष्ठभाग गुळगुळीत करायला मात्र हिचा उपयोग नाही. गोल ओरखडे उमटतात आणि पॉलिश केल्यावर ते जास्तच दिसतात. तिथे रंधा आणि हाताचा पेपरच हवा.

धुळीबद्दल हयगय नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली. नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांचा धोका त्यात मुख्य. सॉच्या पेटीला व्हॅक्यूम जोडा आणि एन-95 मास्क लावा. जुन्या वाड्याचं सागवान असेल तर चुंबक फिरवून खिळे शोधा. पेपर खिळ्याला लागला की ठिणगी उडते आणि पेटीत साठलेल्या भुशात जाऊन पडते. तबकडी लावण्याआधी पेटी रिकामी करायची ती यासाठी.

हे सगळं घरच्या छंदाबद्दल झालं. कारखान्यातल्या मशीनवर हा प्रयोग आपल्या मनानं करू नका. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 21 नं यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण बंधनकारक केलं होतं, आणि इथे तर पात्याचं आवरण आणि त्यामागची पाचर, म्हणजे रायव्हिंग नाइफ, दोन्ही काढावी लागतात.

घरीही हीच गोष्ट सर्वात धोक्याची आहे. घासून झालं, पातं परत बसवलं आणि पाचर ड्रॉवरमध्येच राहिली, तर पुढच्या लांब कापणीत फळी चिमटून उलटी अंगावर येऊ शकते. पाचर काढल्यावर ती मशीनच्या स्विचलाच दोरीनं बांधून ठेवा आणि तिथून सोडवून बसवल्याशिवाय पातं चालू करू नका.