प्रदर्शनीय सामने आणि एक खरा सामना

ज्या भोपाळवर १८१९ ते १९२६ या अवधीत चार बेगमांनी मिळून बहुतेक काळ राज्य केले, त्या नगरीत तरी ‘स्त्री श्रेष्ठ की पुरुष’ हा वाद रंगू नये. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये दुबईत निक किर्गिओसने आर्यना सबालेंकास ६-३, ६-३ असे हरविले आणि आमच्या ओळखीच्या मराठी घरांतूनही तो रंगलाच. सबालेंका स्त्रियांत जगात पहिली. किर्गिओस मात्र पुरुषांच्या क्रमवारीत सहाशेच्याही खाली. पण दोघांसही सर्व्हिसची संधी एकेकच होती आणि तिच्या बाजूचे मैदान नऊ टक्के लहान केले होते, हे फारसे कोणी विचारात घेतले नाही. १९९२ मध्ये लास व्हेगास येथे जिमी कॉनर्सने मार्टिना नवरातिलोवास हरविले, तेव्हाही अशाच सवलती होत्या. अटी बदलल्या की निकाल बदलावा, अशा सामन्यावरून सिद्ध ते काय होणार?

१९७३ ची गोष्ट मात्र निराळी. स्त्रियांचे टेनिस कमी प्रतीचे, असे म्हणणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बॉबी रिग्जने मे महिन्यात मार्गारेट कोर्टला ६-२, ६-१ असे सहज नमविले होते. २० सप्टेंबरला ह्यूस्टन येथे तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर बिली जीन किंगने त्यास ६-४, ६-३, ६-३ असे हरविले. तीही तमाशाच, पण अवघ्या तीन महिन्यांपूर्वी स्त्री-खेळाडूंची संघटना उभी राहिली होती, अमेरिकन स्पर्धेत समान बक्षिसे नुकतीच मिळू लागली होती. ती हरली असती, तर हे सारे हास्यास्पद ठरविण्यास अनेकजण टपलेले होते.

आमच्या मते याहून मोलाची झुंज आपल्याच एका मराठी मुलीने दिली, आणि तीत प्रदर्शन मुळीच नव्हते. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची कन्या रोहिणी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली. स्त्रीने तेथे खेळावे की नाही, यावरून गदारोळ उठला. बाहुबळाचा प्रश्न नसलेल्या खेळात ही आडकाठी कशासाठी, हे आम्हांस आजही उमगत नाही! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनीही निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

त्या स्पर्धेत रोहिणीने तीन राज्यविजेत्यांना हरविले. तिच्यासाठी पट लहान केलेला नव्हता, की एखादे प्यादे अधिक दिलेले नव्हते. वासंती आणि जयश्री या थोरल्या बहिणीही राष्ट्रीय विजेत्या. १९८१ मध्ये हैदराबाद येथे रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.