नातेवाईकांनी पाच मिनिटं बाहेर थांबावं

पोटात दुखतंय म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणलं, की केसपेपरवरची उत्तरं बहुधा तिची आईच देते. ताप आहे का, उलट्या झाल्या का, पाळी कधी आली होती, सगळं आई सांगते आणि मुलगी पाय पोटाशी घेऊन पडून असते. नाडी, रक्तदाब, लघवीची तपासणी, सोनोग्राफीची चिठ्ठी हे झपाझप उरकतं. पण ओटीपोटातलं हे दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं, अंडाशयाला पीळ पडल्याचं असू शकतं, गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाचं असू शकतं, आणि लैंगिक संबंधातून लागून वर नलिकांपर्यंत चढलेल्या जंतुसंसर्गाचंही असू शकतं. शेवटच्या दोन शक्यतांसाठी जो प्रश्न विचारावा लागतो, त्याचं खरं उत्तर आई उशाशी उभी असताना कोणती मुलगी देईल? नातेवाईकांना पाच मिनिटं पडद्यापलीकडे थांबवून मुलीशी एकटीशी बोलणं सोनोग्राफीइतकंच गरजेचं आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं.

क्लॅमिडियासारखा संसर्ग मुलींमध्ये बरेचदा काहीच लक्षण दाखवत नाही. लघवीला जळजळ झालीच तर उन्हाळी लागली म्हणून सोडून दिलं जातं, आणि नलिकांना झालेली इजा पुढे मूल होत नाही तेव्हा कळते. अमेरिकेत लैंगिक संबंध असलेल्या पंचविशीच्या आतल्या मुलींची दर वर्षी तपासणी करावी अशी तिथल्या आरोग्ययंत्रणेची शिफारस आहे. आपली सरकारी व्यवस्था मुख्यतः लक्षणांवरून औषध देते. लैंगिक आजारांसाठीच्या ‘सुरक्षा’ क्लिनिकमध्ये रंगांनुसार औषधांची किट असतात, ओटीपोटात दुखण्यासाठी पिवळं. ही व्यवस्था गरीब माणसाच्या सोयीची आहे, पण ती उभी आहे रुग्णाच्या सांगण्यावर. मुलगी बोललीच नाही तर पिवळं किट कपाटातच राहतं. बोलली तरी 14 दिवसांच्या गोळ्या दोन खोल्यांच्या घरात ती ठेवणार कुठे, आणि जोडीदारालाही औषध द्यायला हवं तर त्याचं नाव सांगणार कशी? जबरदस्ती झाली असेल, तर 72 तासांचा हिशेब सुरू होतो. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे 28 दिवस घ्याव्या लागतात. संबंधानंतर गर्भधारणा टाळण्यासाठी घ्यायची नेहमीची तातडीची गोळीही 72 तासांच्या आतच घ्यायची असते. घरी ओवा-हिंग, मग गल्लीतल्या डॉक्टरचं इंजेक्शन, मग रिक्षा, असं करत हे 72 तास संपत आलेले असतात. त्यात कॅज्युअल्टीतली ती पाच मिनिटंही गेली, की हाती काही उरत नाही.

डॉक्टर विचारत नाहीत, त्याचं एक कारण कायदा आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती धरली जात नाही. माहिती कळली की कलम 19 प्रमाणे ती कळवणं बंधनकारक, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा न विचारलेलं बरं, असा सोयीचा मार्ग निघतो. कायदा सैल केला तर अत्याचारी नातलग मोकळे सुटतील, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण घरातल्याच माणसाने छळलेल्या मुलीला तोच माणूस दवाखान्यात घेऊन आलेला असू शकतो. तिला एकांताची गरज सर्वांत जास्त आहे. कलम 27 मध्ये वैद्यकीय तपासणीच्या वेळी पालक हवेत असं म्हणून कुणी अडवतील. तिथे पालक किंवा मुलीचा जिच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती, असं लिहिलेलं आहे, आणि ते तपासणीपुरतं आहे, बोलण्यापुरतं नाही. गुप्ततेचं खोटं आश्वासन मात्र देऊ नये. तू जे सांगशील त्यातलं काय मला पोलिसांना कळवावं लागेल, हे आधी सांगावं, मग विचारावं. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांनी पोलिसांना देण्याची गरज नाही असं सांगितलं. तेवढी मोकळीक संसर्गाच्या उपचारासाठी आलेल्या मुलीलाही स्पष्ट शब्दांत मिळायला हवी.

आईला दूर सारण्याचा हा डाव आहे, असं कुणाला वाटेल. अल्पवयीन मुलीच्या उपचाराला पालकांची संमती लागते, त्यामुळे आईपर्यंत गोष्ट बहुतेक वेळा जाणारच; प्रश्न क्रमाचा आहे. आधी मुलगी, मग तिला सोबत घेऊन आई. पुढे गोळ्या वेळेवर देणारी आणि पाठीशी उभी राहणारीही बहुधा तीच असते. राहिला गर्दीचा मुद्दा. एका रेसिडेंटच्या अंगावर रात्रभराचे रुग्ण असतात, खाटेला खाट लागलेली असते, हे खरं आहे. तरीही सोनोग्राफीच्या दाराशी नातेवाईक आजही थांबतातच, नोंदणीच्या खिडकीवर आईला मावशींबरोबर पाठवता येतंच. असं बोलणं शिकवताही येतं: वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्राने महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांना हिंसा सोसणाऱ्या बायकांशी बोलायला शिकवलं. किशोरवयीनांसाठी राज्यात मैत्री क्लिनिक आहेत, पण ती ओपीडीच्या वेळेत चालतात, पोटदुखी रात्री दोनला येते. त्यात बऱ्याच ठिकाणी बालरोग विभाग 12 वर्षांपर्यंतच. त्यापुढची मुलगी मोठ्यांच्या गर्दीत ढकलली जाते. म्हणून केसपेपरवर पाळीच्या तारखेखाली एक ओळ छापावी: रुग्णाशी एकटीशी बोललो, वेळ अमुक. त्या ओळीखाली डॉक्टरची सही असावी, आणि ती नसेल तर सकाळच्या राउंडला वरिष्ठांनी ती का नाही, हे विचारावं.