अंगावर काही नाही, तरी खाज

अंघोळ करून बाहेर आलं की पाच-दहा मिनिटांत पायांना टोचायला लागतं. आधी मांड्या-पोटऱ्या, मग पोट, पाठ, दंड. कातडीखाली कुणी सुया फिरवाव्यात तशी ही खाज असते. कितीही खाजवा, शमत नाही. टॉवेलनं खसाखसा पुसलं तर आणखी भडकते. डोकं, तळहात आणि तळपाय बहुधा सुटतात. कुणाला दहा मिनिटं, कुणाला तास-दोन तास हा त्रास होतो आणि मग आपोआप थांबतो. या सगळ्या वेळात त्वचेकडे निरखून पाहिलं तरी पुरळ नाही, लाली नाही, सूज नाही. खाजवल्याचे ओरखडे तेवढे दिसतात.

वैद्यकात याला ‘ॲक्वाजेनिक प्रुरायटस’ म्हणतात. पाणी गरम आहे की गार, विहिरीचं आहे की नळाचं, यानं फरक पडत नाही; अंगाला पाणी लागलं एवढं पुरतं. आपल्याकडे खाज सुटली की ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात. इथे तेही पाणीच.

पाण्यानं खरोखर पित्त उठण्याचाही एक विकार आहे. तो याहून दुर्मीळ असून शेली आणि रॉन्स्ली या अमेरिकी डॉक्टरांनी १९६४ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. त्यात एक ते तीन मिलिमीटरच्या बारीक गांधी उठतात. त्या डॉक्टरांना दाखवता येतात, त्यांचा फोटो काढता येतो. नुसत्या खाजेच्या रुग्णापाशी दाखवण्यासारखं काहीच नसतं. म्हणून घरचे म्हणतात, ‘मनातून काढून टाक’, आणि काही वेळा डॉक्टरही तेच सुचवतात. मला या विकारातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ माल्कम ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या खाजेला स्वतंत्र विकार म्हणून मांडलं. त्यांना रुग्णांच्या त्वचेत आणि रक्तात खुणा सापडल्या. पाणी लागल्यावर त्वचेतल्या मास्ट पेशी आपल्यातली रसायनं सोडत होत्या आणि रक्तातलं हिस्टॅमिन वाढत होतं. म्हणजे ही खाज शरीरातच उठते. पण मग हिस्टॅमिन अडवणारी, ॲलर्जीवरची नेहमीची गोळी घेतली की ती थांबायला हवी. बऱ्याच जणांची थांबत नाही. ॲसिटिलकोलिनसारख्या मज्जातंतूंच्या रसायनाचाही यात हात असावा, असा संशय आहे. पाण्याचा स्पर्श या पेशींना नेमका कसा चेतवतो, हे कोडं मात्र अजून सुटलेलं नाही.

एक धागा पक्का हाती लागला आहे आणि तो रक्ताकडे जातो. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त तांबड्या पेशी बनवते. रक्त दाट होतं, गाठी होण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. २००५ मध्ये या आजारामागचा ‘जॅक-२’ जनुकातला बदल सापडला. ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांत तो असतो. जर्मनीत अशा ४४१ रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा ३०१ जणांना पाण्यानं खाज सुटत होती. त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश रुग्णांना ती रक्ताच्या आजाराचं निदान होण्याआधीच, सरासरी सुमारे तीन वर्षं, जाणवत होती. आजार तीन वर्षं आधीपासून सांगत होता.

याचा अर्थ अंघोळीनंतर खाजणाऱ्या प्रत्येकाला रक्ताचा आजार आहे, असा मुळीच नाही. उतारवयात कोरड्या त्वचेमुळे खाज सुटणं अगदी सर्रास आहे. साबण कमी केला, अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावलं, की पुष्कळांना आराम पडतो. अनेकांच्या बाबतीत सगळ्या तपासण्या करूनही कारण मिळत नाही.

उपचार आहेत, पण हमखास कुठलाच नाही. अंघोळीच्या पाण्यात खाण्याचा सोडा घातल्यानं काहींना बरं वाटतं. अतिनील किरणांचे उपचार कुणाला लागू पडतात, तर कुणाला रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही खाज कमी होते. तेवढ्यावरून रोग मनाचा ठरत नाही, कारण त्या गोळ्या मज्जातंतूंच्या रसायनांवर काम करतात. पॉलिसायथेमियात रक्त काढून ते पातळ ठेवतात, तरी खाज उरते. तिथे ‘जॅक’ रोखणारं रुक्सोलिटिनिब अनेकांना मोठा दिलासा देतं.

अंघोळीनंतर, अंगावर काहीही न दिसता, वारंवार अशी खाज सुटत असेल तर लाजू नका आणि वर्षानुवर्षं मलमं बदलत बसू नका. पाणी लागल्यावर किती मिनिटांत खाज सुरू होते, कुठे होते, किती वेळ टिकते, हे लिहून डॉक्टरांना दाखवा आणि रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन पुरुषांत १६.५ आणि स्त्रियांत १६ ग्रॅमच्या वर असेल, तर ‘रक्त छान आहे’ म्हणून तो कागद बाजूला ठेवू नका, रक्तविकारतज्ज्ञांना गाठा.