पावसाळी किनाऱ्यावरील घरगुती सौरवीज

विपुल ऊन आणि विपुल पाऊस या दोन्ही देणग्या निसर्गाने एकाच प्रदेशाला दिल्या, तर तेथे सौरविजेचे नियोजन कसे करावे? केरळचा किनारा हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे लख्ख ऊन पडते. जूनच्या आरंभी नैर्ऋत्य मोसमी वारे भारताच्या मुख्य भूमीवर प्रथम तेथेच पोहोचतात आणि मग आठवडेच्या आठवडे आकाश ढगांनी झाकलेले राहते. ऑगस्ट २०१८ मधील महापुरात तर असंख्य घरे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. घराच्या छपरावर पॅनेल बसविणाऱ्याने मार्चचे ऊन आणि ऑगस्टची ती रात्र, दोन्ही ध्यानात घ्यावयास हवीत.

प्रकाश हवा, उष्णता नको

सिलिकॉनच्या सौरघटावर प्रकाश पडला म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन मुक्त होऊन विद्युत्प्रवाह सुरू होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झालेला असा घट प्रकाशातील सुमारे ६ टक्के ऊर्जेचेच विजेत रूपांतर करीत असे. आजची उत्तम पॅनेले २० टक्क्यांहून अधिक करतात. घटाचे काम प्रकाशावर चालते, उष्णतेवर नव्हे. पॅनेलवर छापलेली शक्ती घटाचे तापमान २५ अंश सेल्सियस असताना मोजलेली असते. कडक उन्हात ते सहज ६० अंशांवर जाते आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्के शक्ती घटते. म्हणजे ऐन दुपारी जवळजवळ आठवा भाग वाया जातो. म्हणून पॅनेल छपराला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतके उंच ठेवावे.

केरळ विषुववृत्ताजवळ असल्यामुळे पॅनेलचा उतार अल्प, सुमारे १० अंश, पुरतो. जूनमध्ये तर माध्यान्हीचा सूर्य तेथे डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. मात्र पॅनेल अगदी सपाट ठेवू नये. पाणी साचून काठाशी धूळ व शेवाळ धरते. नारळाच्या झावळीची सावलीही क्षुल्लक समजू नये. घट एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे थोडे घट झाकले गेले तरी पॅनेलच्या बऱ्याच मोठ्या भागाची वीज कमी होते.

प्रथम गरज मोजावी

छप्पर किती मोठे आहे, यापेक्षा घराला वीज किती लागते हे आधी पाहावे. एक साधे घर घेऊ. ९ वॅटचे ६ दिवे ५ तास जळले तर ०.२७ युनिट वीज लागते. ७५ वॅटचे ३ पंखे दिवसरात्र मिळून १२ तास फिरले तर २.७ युनिट, फ्रिजला सुमारे १ युनिट, दूरदर्शन संचाला ०.३ आणि पाण्याच्या पंपाला अर्ध्या तासाचे सुमारे ०.४ युनिट. मिक्सरसारखी किरकोळ साधने धरून बेरीज ५ युनिटांच्या आसपास जाते.

आता पुरवठा पाहू. १ किलोवॅटची पॅनेले केरळमध्ये मार्चच्या दिवशी सुमारे ४.५ युनिट देतात, जुलैत सरासरीने सुमारे ३, आणि संततधारेच्या काळवंडलेल्या दिवशी जेमतेम १. म्हणजे २ किलोवॅटच्या संचापासून अनुक्रमे ९, ६ आणि २ युनिट मिळतील. वार्षिक सरासरी पाहून समाधान मानणाऱ्याला यातील शेवटचा आकडा दिसतच नाही.

तार तुटली म्हणजे

कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१५ पासून स्वतःच्या गरजेइतकी सौरवीज निर्माण करू लागला. पण त्याने ती बॅटरीत साठविली नाही. दिवसा उरलेली वीज सार्वजनिक जाळ्यात द्यावयाची आणि रात्री तेथूनच परत घ्यावयाची, अशी व्यवस्था होती. बहुतेक घरांवरील संच याच पद्धतीचे असतात. ती स्वस्त आहे. परंतु जाळ्यातील वीज गेली की साधा जाळेजोड इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो, मग डोक्यावर लख्ख ऊन असले तरी! तारेवर काम करणाऱ्या कामगाराला घरातून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही योजना केलेली असते. संकटकाळी दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तिच्याशी जुळणारा, जाळ्यापासून स्वतःला अलग करून घर चालविणारा इन्व्हर्टर लागतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत सौरसंचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले, पण ते पॅनेलांच्या शक्तीवर मोजलेले होते, बॅटरीवर नव्हे. बॅटरीचा खर्च म्हणूनच वेगळा धरावा.

रात्रीची शिदोरी

आपल्या घराला सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत किती वीज लागेल? पंखे ८ तास १.८ युनिट, फ्रिज ०.५, दिवे व दूरदर्शन मिळून सुमारे ०.६, एकूण २.९ युनिट. आता जुने पंखे काढून बाजारात बीएलडीसी म्हणून मिळणारे ३० वॅटचे पंखे लावले, तर रात्रीची गरज १.८ युनिटांवर येते.

बॅटरी पूर्ण रिकामी करावयाची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही सुमारे दहावा भाग खर्ची पडतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीची ८० टक्के वीज वापरावयाची असे धरले, तर जुन्या पंख्यांच्या घराला सुमारे ४ युनिटांची बॅटरी लागेल. नव्या पंख्यांच्या घराला २.५ युनिटांची पुरेल. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर झिजते. म्हणून १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या अशा बॅटऱ्या पहिल्या घराला चार आणि दुसऱ्याला तीन लागतील.

खरी परीक्षा काळवंडलेल्या दिवसांची. जाळे बंद, आणि पॅनेलांपासून दिवसाला २ युनिट! दिवसाचा वापर आवरून फ्रिज बंद ठेवला, तर नव्या पंख्यांच्या घराला रात्री १.३ युनिटच लागतात. साठवणुकीतील घट धरूनही २ युनिटांत ते भागते. जुन्या पंख्यांच्या घराला मात्र २.४ युनिट लागतात, आणि त्याचे दिवे पहाटेपूर्वीच विझतात. दोन्ही छपरांवर पॅनेले तेवढीच आहेत. फरक केवळ पंख्यांचा!

ओल, खारा वारा आणि पूर

दमट हवेचे नुकसान सावकाश होते. सैल जोडात ओल शिरून तांबे गंजते, प्रतिकार वाढतो आणि जोड तापू लागतो. समुद्राजवळ खारा वारा लोखंडी सांगाडा खातो. तेथे जस्ताचा जाड मुलामा दिलेले पोलाद किंवा ॲल्युमिनियम आणि गंजरोधक पोलादाचे बोल्ट वापरावेत. वळिवाच्या व परतीच्या पावसात केरळात विजा पुष्कळ पडतात. म्हणून उत्तम भूसंपर्कन आणि विद्युल्लहरीपासून संरक्षण देणारी साधने बसविणे अगत्याचे आहे.

बॅटरीला ओल आणि उष्णता दोन्ही बाधतात. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य दर १० अंश वाढीबरोबर सुमारे निम्मे होते. शिवाय भारित होताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. म्हणून तिची जागा सावलीची व हवेशीर असावी. आणि ती उंचही असावी. कुट्टनाडसारख्या भागात, जेथे शेते समुद्रसपाटीच्याही खाली आहेत, तळमजल्यावरील जिन्याखालचा कोनाडा सोयीचा वाटतो, पण पुराचे पाणी प्रथम तेथेच शिरते. बॅटरी व इन्व्हर्टर पूर्वीच्या पुराच्या खुणेहून वर, शक्य तर माडीवर ठेवावीत. पाण्यात बुडालेला संच तज्ज्ञाने तपासल्याशिवाय सुरू करू नये. पॅनेलांवर प्रकाश आहे तोवर त्यांच्या तारांत वीज असतेच.

नियोजनाचा क्रम असा : प्रथम गरज मोजावी, मग ती कमी करावी, त्यानंतर सर्वांत वाईट रात्रीसाठी बॅटरी व सर्वांत वाईट महिन्यासाठी पॅनेले ठरवावीत, आणि शेवटी प्रत्येक वस्तूची सुरक्षित जागा निश्चित करावी. हा क्रम उलटा केल्यास मार्चमध्ये वीज उतू जाईल आणि जुलैत, जेव्हा तिची खरी निकड असते, तेव्हा घरात अंधार होईल.