कान देऊन पाहावेत असे सिनेमे

2016च्या उन्हाळ्यात ‘सैराट’ लागला तेव्हा गावोगावच्या थिएटरांत एकच दृश्य दिसायचं. ‘झिंगाट’ सुरू झालं की पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायला धावायची. त्याच खेळाच्या शेवटी हीच पोरं मान खाली घालून, एकमेकांशी न बोलता बाहेर पडायची. नायक-नायिकेच्या हैदराबादेतल्या घरात शेजारणीबरोबर परतलेलं त्यांचं लेकरू आत शिरतं, रडत बाहेर येतं, आणि त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे फरशीवर उमटत जातात. लेकराचा रडका चेहरा दिसतो, पण रडणं ऐकू येत नाही. नागराज मंजुळे यांनी तिथे आवाजच काढून घेतला आहे.

याच चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह संगीत ध्वनिमुद्रित केलं होतं. इतकं भरभरून वाजलेलं संगीत शेवटच्या क्षणी मिटतं, म्हणूनच ती शांतता अंगावर येते.

चित्रपटाबद्दल लिहिताना कथा, अभिनय, छायाचित्रण यांवर परिच्छेद पडतात आणि गाण्यांना दोन ओळी मिळतात. पडद्यामागून येणाऱ्या, किंवा मुद्दाम न येणाऱ्या, आवाजाकडे फारसं कोणी वळत नाही. जुने आणि नवे मराठी चित्रपट पाठोपाठ पाहिले, तर मात्र हे राहून गेलेलं काम किती मोठं आहे ते लक्षात येतं. कारण ‘सैराट’च्या शेवटाचं नातं जुळतं ते थेट 1937च्या ‘कुंकू’शी.

मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, आला 1932 साली. त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. पडदा बोलू-गाऊ लागल्याचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं. अशा दिवसांत व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताशिवाय चित्रपट काढला. ‘कुंकू’मध्ये जे काही ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या गल्लीतलं असतं. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. नीरेला फसवून म्हाताऱ्या, विधुर काकासाहेबांच्या गळ्यात बांधलं जातं आणि ती हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांची नीरा आजही थक्क करते. तिच्या नकाराला व्हायोलिनचा टेकू नाही. ती बोलते, आणि तिच्या शब्दांनंतर खोलीत जे उरतं ते प्रेक्षकाला तसंच सोसावं लागतं.

त्या घरात भिंतीवर एक घड्याळ आहे. ते काकासाहेबांसारखंच जुनं झालेलं, हात लावून चालवावं लागणारं. मागे संगीत नसल्यामुळे त्याची टिकटिक नुसता आवाज राहत नाही, ती त्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याची मोजणी होऊन बसते. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना खलनायक होऊ दिलेलं नाही. फुटलेल्या आरशाच्या तुकड्या-तुकड्यांत स्वतःचा चेहरा पाहणारा हा म्हातारा दयनीय वाटतो, आणि तरीही त्याचा अन्याय लहान होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी साधणं आजच्या कसलेल्या दिग्दर्शकालाही जड जावं.

‘कुंकू’च्या आदल्या वर्षीचा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल यांचा. पुढे तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस यांच्या अभंगगायनाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण हा चित्रपट जमिनीवर टेकवला आहे तो गौरी यांच्या जिजाईने. अभंगांमधून तिचा तो रांगडा, वैतागलेला, पोरांच्या भुकेची आठवण करून देणारा आवाज घुसतो, म्हणून तुकारामांची भक्ती आकाशात तरंगत नाही. जिजाईचा आवाज बंद करून हा चित्रपट पाहिला, तर तो निम्माही उरणार नाही.

मधली चाळीस वर्षं ओलांडली की जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (1979) लागतो. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या आणि विजय तेंडुलकरांची पटकथा. मंत्रालयातली कुजबुज, टेलिफोन, भाषणं यांचा गलका वाढत जातो आणि शेवटी उरतं ते दिगू टिपणीस या पत्रकाराचं वेडसर हसणं. निळू फुले यांचं ते हसू संवादापेक्षा जास्त सांगून जातं.

मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त तर एका आवाजाने सगळा चित्रपट हातात घेतला आहे. गावकऱ्यांच्या हसण्या-खिदळण्यात जब्या या शाळकरी पोराचं कुटुंब डुकरामागे धावत असतं. डुक्कर हाताशी येतं न येतं तोच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो. त्याला पाहून घरचेही जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र निघून जातं. मंजुळे यांनी इथे कुणाच्या तोंडी एक वाक्यही घातलेलं नाही, आणि मराठी पडद्यावर जातीबद्दल इतकं नेमकं क्वचितच बोललं गेलं आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ कॅमेरा हलवत नाही. न्यायाधीश लेखनिकाला मजकूर सांगत राहतात, वकील जुनी कलमं वाचत राहतात आणि आरोपी शाहीर नारायण कांबळे, म्हणजे वीरा साथीदार, गप्प बसलेले असतात. शाहिराचा जो आवाज चौकात घुमला, तो या खोलीत आल्यावर विझतो. चित्रपट संथ आहे अशी तक्रार झाली. पण तारखेमागून तारीख पडत जाणं ज्यांनी भोगलं आहे, त्यांना ही गती खरी वाटेल.

ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ (2020) ऐकण्यावरच उभा आहे. शरद नेरूळकर हा तरुण गायक रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवत असतो आणि कानात ‘माई’ या गायिकेच्या जुन्या व्याख्यानांची ध्वनिफीत सुरू असते. तो शांत, कठोर आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. गाणं थोर असूनही माईंनी ते ध्वनिमुद्रित होऊ दिलेलं नाही. त्यामुळे ज्या गाण्यासाठी शरद आयुष्य पणाला लावतो, ते त्यालाही ऐकायला मिळत नाही आणि आपल्यालाही. आदित्य मोडक यांचा चेहरा हे सगळं मुकाट्याने पेलतो.

शेवटी, गाणं सुटलेला शरद लोकलमध्ये बसलेला असतो आणि डब्यातून एक माणूस गात जातो. ‘कुंकू’मध्येही रस्त्यावर एक गाणारा आहे. दोघांमध्ये 83 वर्षांचं अंतर आहे. हे दोन चित्रपट एकाच रविवारी, एकापाठोपाठ पाहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, पंखा जरा कमी करा आणि घड्याळाच्या टिकटिकीपासून ऐकायला सुरुवात करा.