खाण बंद झाली, पुढे काय?

दोस्तांनो, मधल्या सुट्टीत जेवणाचा डबा उघडाल तेव्हा त्याच्या झाकणाकडे जरा नीट पाहा. कसं चकचकीत, अगदी आरशासारखं! कदाचित तो डबा आपल्या भाईंदर पूर्वेच्याच एखाद्या गाळ्यात तयार झाला असेल. स्टीलची भांडी बनवणारे कितीतरी छोटे कारखाने तिथे आहेत.

स्टील म्हणजे मुख्यतः लोखंड. त्यात क्रोमियम मिसळलं की ते सहसा गंजत नाही. शिवाय निकेल किंवा मँगनीजही घालतात. घाबरू नका, डब्यात खुशाल जेवा! प्रश्न वेगळाच आहे. हे सारे धातू येतात कुठून? जमिनीच्या पोटातून, म्हणजे खाणीतून. आणि खाणीतून नुसता धातूच बाहेर येत नाही.

चला, गोव्याला जाऊ. समुद्रावर नव्हे हं, आत, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत. तिथे लोहखनिजाच्या मोठमोठ्या खाणी खोदल्या गेल्या. एक टन खनिज मिळवायचं तर दोन-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागतात. त्यांचे डोंगराएवढे ढीग झाले. पावसाळा आला की ढिगांवरची लाल माती ओहोळांतून खाली येते आणि शिरगाव, पिसुर्ले अशा गावांच्या शेतांत जाऊन बसते.

एक प्रयोग करून पाहा. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा. खडे लगेच तळाशी जातात, पण बारीक गाळ तासन्‌तास तरंगत राहतो. हाच गाळ पाण्याबरोबर लांबवर जातो आणि धातूही जास्त करून त्यालाच चिकटलेले असतात. शेतात गाळ वाळला की त्याचा कडक थर बनतो. मुळांना हवा मिळत नाही. भाताच्या खाचरात पाणी साचलं की मातीतलं लोह विरघळतं. रोप ते नको इतकं शोषून घेतं. पानं तांबूस पडतात, लोंब्या नीट भरत नाहीत.

२०१२ साली गोव्यातलं खाणकाम थांबवण्यात आलं. पुढे ते सुरू झालं, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि ते पुन्हा थांबलं. ट्रकांची धडधड बंद झाली. खाणीवर ज्यांचं पोट होतं, त्यांचं कामही गेलं. २०२४ पासून लिलावाने दिलेल्या पट्ट्यांत खाणकाम परत सुरू होऊ लागलं आहे. पण मधल्या काळात शेतातला गाळ गेला का? छे! तो आपोआप कसा जाईल?

पालापाचोळा कुजतो, त्याचं खत होतं. धातू मात्र मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. लोह, मँगनीज आपल्याला थोडंसं लागतं तरी. शिसं आणि कॅडमियम अजिबात नको! आणि शिशाचा धोका मुलांना जास्त. मुलं मातीत खेळतात, हात तोंडात घालतात. मोठ्यांपेक्षा त्यांच्या शरीरात शिसं अधिक शोषलं जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं.

जपानमध्ये काय झालं, ऐका. तिथल्या कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत गेलं, नदीतून भातशेतीत आणि भातातून माणसांच्या पोटात. हाडं इतकी ठिसूळ होत की रोगी सारखे कण्हत. त्या आजाराचं नावच पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’! १९६८ साली सरकारने मान्य केलं की कारण कॅडमियमच आहे. गावकरी कोर्टात गेले आणि जिंकले. खाणीत शिरून तपासणी करायचा हक्कही त्यांनी मिळवला. मग शेतांतली माती बदलायचं काम निघालं. १९७९ ला सुरू झालेलं ते काम संपलं २०१२ मध्ये. तब्बल तेहतीस वर्षं! तेव्हा शाळेत असलेली मुलं तोवर पन्नाशीकडे झुकली होती.

म्हणून खाण बंद करणं हे अर्धंच काम. ढिगांवर झाडं लावून माती धरून ठेवणं, पाणी वाहून जाण्याआधी गाळ अडवणं, शेतातली माती तपासणं हे उरलेलं अर्धं. मोहरीची काही रोपं मातीतलं शिसं शोषून घेतात, असंही शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. अर्थात ती मोहरी फोडणीला वापरायची नाही हं!

आता पुन्हा घरी येऊ. मीरा-भाईंदरमध्ये खाण नाही. पण आपला कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो आणि तिथेही पायथ्याशी गावं आहेत, शेतं आहेत. जुन्या रिचार्जेबल सेलमध्ये कॅडमियम असू शकतं, ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं. या वस्तू रोजच्या कचऱ्यात टाकू नका. वेगळ्या डब्यात साठवा आणि आई-बाबांना सांगून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आता २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

मातीत मिसळलेला धातू वेचून काढायला तेहतीस वर्षं लागतात. संपलेला सेल वेगळा ठेवायला किती वेळ लागतो, ते आज घड्याळ लावून बघा!