कोरड्या तालुक्यातली ओली भिंत

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. सुप्याच्या माळावर पाऊस म्हणजे वाट पाहण्याची गोष्ट. अशा गावात भिंतींना ओल येते म्हटले, तर कोकणातून आलेला पाहुणा हसेल. पण औद्योगिक वसाहतीमुळे गाव वाढले, भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि जमिनीपासून मांडीपर्यंत सुटलेले पोपडे, त्यावर पांढरा लोणा, कपाटामागे काळपट बुरशी हे दृश्य इथेही ओळखीचे झाले.

ही ओल बहुधा आभाळातून येत नाही, पायातून येते. वीट आणि चुना-सिमेंट यांत केसाहून बारीक छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे जमिनीतले पाणी त्यांतून वर चढते, साधारण मीटरभर उंचीपर्यंत. ते अडवण्यासाठी जोत्यावर पाणीरोधक थर द्यायचा असतो; गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. घाईच्या बांधकामात पहिली काटकसर तिथेच होते. शिवाय नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराला लागून जमिनीखाली साठवणीची टाकी बांधली जाते. तिला बारीक चीर गेली की पाणी पायात मुरत राहते. म्हणजे पाणीटंचाईच घरात ओल आणते!

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा, खोकला, छातीत घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा त्रास अधिक होतो, हा तिचा निष्कर्ष. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना न दिसणारे. झाडू मारला, पंखा लावला की ते हवेत उठतात. लहान मुले आणि म्हातारी माणसे दिवसाचे अधिक तास घरात काढतात, म्हणून त्रास आधी त्यांना.

आपल्याकडे यात एक वेगळीच अडचण आहे. दम्याच्या काही रुग्णांत अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची तीव्र अ‍ॅलर्जी फुप्फुसात ठाण मांडते. क्ष-किरण चित्रात डाग दिसतात, खोकल्यातून तपकिरी बेडके पडतात, कधी रक्तही. हे चित्र क्षयासारखे असल्याने काहींना क्षयाची औषधे सुरू होतात आणि महिनोन्‌महिने उतार पडत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर आधी थुंकी तपासलीच पाहिजे, यात सूट नाही. पण थुंकीत जंतू नाहीत, औषधाने गुण नाही आणि पूर्वीचा दमा आहे, तेव्हा रक्तातील आयजीईची तपासणी व्हायला हवी. आणि एक साधा प्रश्न विचारायला हवा : गावी किंवा माहेरी गेल्यावर खोकला कमी होतो का? होत असेल, तर डॉक्टरांनी छातीइतकीच भिंतीची चौकशी करावी.

कूलरचेही तसेच. भारतातील १९ शहरांतल्या फुप्फुस-तंतुमयतेच्या आणि तत्सम आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत जवळपास निम्म्यांना श्वासावाटे गेलेल्या कणांच्या अ‍ॅलर्जीतून झालेला आजार होता आणि त्यांच्यापैकीही जवळपास निम्म्यांचा एअर कूलरशी संपर्क आलेला होता. साचलेले पाणी, ओले गवत, बंद खोली. बुरशीला आणखी काय लागते?

ओल कुठून येते हे ओळखायला मोठे यंत्र नको. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावे. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्या हवेतले : स्वयंपाकाची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, बंद खिडकी. दुसऱ्या प्रकाराला मोकळी हवा पुरते. पहिल्याला नाही.

तिथे बहुतेकजण ऑईलपेंट किंवा टाईल्स लावून मोकळे होतात. हा सर्वांत महागडा उपाय, कारण बाहेर पडायची वाट बंद झाली की पाणी आणखी वर चढते. आधी टाकी आणि मोरीची गळती शोधावी, अंगणाचा उतार भिंतीपासून दूर करावा, पन्हाळीचे पाणी पायापासून लांब सोडावे. रस्त्यावर थरावर थर चढून घर खाली गेले असेल तर बाहेरून चर काढून पाणी वळवावे. मग कुजलेला गिलावा काढून भिंत सुकू द्यावी. नऊ इंची भिंत सुकायला कित्येक महिने लागतात. गवंड्याने पंधरा दिवसांत रंग लावायची घाई केली तर ऐकू नये. गिलावा काढताना नाकातोंडाला एन-९५ मास्क हवाच आणि दमेकऱ्याने त्या दिवशी घरात थांबू नये.

रस्त्याकडेच्या नव्या इमारतींत आता दुकानांखाली तळघरे होतात. जमिनीखालची जागा कोरडी राखण्याची विद्या आपल्याला नवी नाही. धान्याचे पेव गवताचे अस्तर देऊन, तोंड लिंपून बंद करीत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे, कारण बंद जागेत प्राणवायू संपलेला असतो. पेटता दिवा आत सोडून पाहण्याची जुनी रीत मात्र आज वापरू नये : ज्वालाग्राही वायू असेल तर भडका उडेल आणि विषारी वायू दिव्याला कळणार नाही. ओल शोधायला किंवा गाळ काढायला बंद टाकीत, तळघरात उतरण्यापूर्वी ती बराच वेळ उघडी ठेवून पंख्याने हवा खेळवावी आणि बाहेर दुसरा माणूस उभा असावा. आतला माणूस कोसळला तर त्याने मागोमाग उडी न मारता १०८ ला फोन करावा.